न वाचता केलेल्या सह्या

१

"म्हंजे माज्या आजेसासऱ्याची वही तुमी रद्दीत घातली?"

चंद्राबाई ओरडल्या नाहीत. उलट इतक्या हळू बोलल्या, की पेपर वाचत बसलेल्या चार म्हाताऱ्यांनी एकदम माना वर केल्या. भोरच्या नीरा-वेळवंडी वाचनालयात शुक्रवारी सकाळी अकरा वाजता हा प्रश्न विचारला गेला.

चंद्राबाई हिर्डोशीच्या. पहिल्या एसटीने मुलाला, धनाजीला घेऊन आल्या होत्या. जानेवारीत त्यांनी एक जुनी वही वाचनालयात ठेवली होती. दान नव्हे, ठेव. लागेल तेव्हा परत न्यायची या बोलीवर. त्यांचे आजेसासरे रखमाजी मास्तर यांनी १९३४ साली हिर्डोशीच्या डोंगरातला एकेक झरा पायी फिरून त्या वहीत लिहिला होता. कोणत्या झऱ्याला किती महिने पाणी असतं, कोणती आळी तिथे भरते, कुणाची पाळी कधी. गेल्या वर्षी कुणीतरी वरची जमीन घेतली आणि यंदा मार्चमध्ये तळीच्या झऱ्याला तारेचं कुंपण घातलं. सोमवारी तहसीलदारांपुढे सुनावणी होती. गावाकडे कागद म्हणावा असा तेवढाच एक.

आणि आता कपाटात वही नव्हती. होतं ते फक्त तिचं कार्ड, दाखल क्रमांक ४११७. त्यावर टाइप केलेलं होतं: "पंचांग, छापील. जीर्ण, वाळवी लागलेले. ७१ पाने. बाद करण्यास योग्य." एप्रिलमध्ये बाद पुस्तकांची तीन पोती कापूरहोळच्या रद्दीवाल्याकडे गेली होती.

"पंचांग?" धनाजीने टेबलावर मूठ आपटली. "शाईनं लिवलेली वही तुमाला पंचांग दिसली व्हय? सोमवारपातूर वही न्हाई मिळाली तर पोलिसात जाणार, सांगून ठेवतो."

वाचनालयाचे कार्यवाह नारायणराव कारखानीस चष्मा पुसत म्हणाले, "पोलीस कशाला? टेंबेबाईंना बोलवू. नियम त्यांचाच आहे, त्यांनीच निस्तरावं."

सुलक्षणा टेंबे नसरापूरला राहत. पुण्याच्या एका कॉलेजचं ग्रंथालय तीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेल्या. तासाभरात त्या आल्या, कार्ड हातात घेतलं, पुढून वाचलं, मग उलटून मागे पाहिलं. पुढे नोंद करणाऱ्याची सही: शार्दूल. मागे तपासणाऱ्याची: मिताली. दोन्ही सह्या त्यांच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. तीन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या विनंतीवरून त्यांनीच हा नियम घालून दिला होता. एकाने स्वतःच्या अकलेने नोंद करायची, दुसऱ्याने ती वाचून तपासायची, आणि वाचून झाल्यावरच कार्ड उलटायचं, म्हणून तपासणीची सही मुद्दाम मागे.

"बघा," नारायणराव म्हणाले, "तुमच्या दोन सह्यांनी एक वही गिळली."

बाईंनी कार्ड पर्समध्ये ठेवलं. चेहरा कोरा होता, पण कानशिलं तापली होती. कारण त्यांना पहिल्या क्षणीच एक गोष्ट कळली होती. सह्या खऱ्या होत्या.

२

शार्दूल भोरचा कॅटलॉगर. वय बत्तीस, पुण्यातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेला, आणि ती पदवी कपाळावर चिकटवल्यासारखा वागणारा. तो उभाच राहिला, बाईंना बसाही म्हणाला नाही.

"सही माझी आहे. मजकूर माझा नाही."

"मग तुझ्या सहीच्या वर आला कुठून?"

"ते मितालीला विचारा. कार्डं तिच्याकडे वेल्ह्याच्या शाखेत जातात. तपासणीच्या नावाखाली काय करते ती, ते तुम्हाला ठाऊक नाही? पहिल्या वर्षी एका महिन्यात माझी सदतीस कार्डं लाल करून परत पाठवली होती. स्वल्पविराम चुकला म्हणून!"

"त्या सदतीसांतली किती चुकीची होती?"

शार्दूलचा जबडा आवळला. "नोंद करणं हे माझं काम आहे, बाई. माझ्या मानगुटीवर बसून कुणी ते करून घेऊ नये. मी समितीकडे तक्रार केली आणि समितीने माझं ऐकलं."

बाईंना ते आठवत होतं. त्या वेळी नारायणरावांचा फोन आला होता, भांडण मिटवलंय म्हणून. त्यानंतर लाल शाई थांबली. बाईंना वाटलं होतं, दोघं शहाणे झाले.

"जानेवारीत तू काय नोंदवलं होतंस?"

"हस्तलिखित. निळी कापडी बांधणी. लेखक रखमाजी मास्तर, हिर्डोशी. एकाहत्तर पानं. ठेव." तो एका दमात बोलला. "वीस जानेवारी. मी ती वही दोन दिवस वाचत बसलो होतो. असली वस्तू माणूस विसरतो होय?"

खोटारडा माणूस तारीख सांगताना जरा अडखळतो. शार्दूल अडखळला नाही. पण बाईंनी "तुझ्या सहीची कोरी कार्डं कधी कुणाच्या हाती होती का?" असं विचारताच त्याची नजर टेबलाच्या खालच्या खणाकडे गेली. एवढीशीच. मग त्याने खणाला किल्ली लावली, फिरवली आणि ती खिशात टाकली.

"नाही," तो म्हणाला.

३

वेल्ह्याची शाखा शनिवारी सकाळी उघडायची. बाई नसरापूरच्या फाट्यावर एसटीत चढल्या, तर शेजारच्या सीटवर मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन हनुमंत बसलेला. पन्नाशीचा, वाचनालयाचा शिपाई. दर शनिवारी कार्डांची पेटी भोरहून वेल्ह्याला न्यायची आणि संध्याकाळी नारायणरावांच्या ऑफिसात आणून ठेवायची, हे काम त्याचं.

"माज्यावर संशय हाय न्हवं सगळ्यांचा?" तो आपणहून म्हणाला. "पोती म्या बांधली, पेटी म्या न्हेतो. काल धनाजी भर चौकात मला चोर म्हणाला. माजी सासुरवाडी हिर्डोशीची हाय, बाई. त्याच झऱ्याचं पाणी प्यालोय म्या."

"पोत्यात ती वही होती?"

"निळी वही? न्हाई. समदी छापील पुस्तकं व्हती, पुठ्ठं फाटलेली. येकयेक हातानं भरली म्या."

बाईंनी कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. कोपऱ्यात बारीक आकडा होता, ८६३. "हा नंबर कसला रे?"

"छापखान्याचा. कार्डाच्या गठ्ठ्यांवर वळीनं असतो. ह्यो आठशेच्या फुडचा गठ्ठा." हनुमंतने डोकं खाजवलं. "ह्यो तर शिमग्याच्या आदल्या दिवशी म्याच आणला छापखान्यातनं. चारच गठ्ठे व्हते, पावती हाय हापिसात."

शिमगा म्हणजे मार्च. बाईंनी कार्डावरची तारीख पुन्हा पाहिली. २० जानेवारी.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या ते वेल्हं येईपर्यंत.

मिताली चाळिशीची, दहा वर्षं नोकरीत. शाखा उघडली तेव्हा तिला वेल्ह्याला पाठवलं आणि ती बदली तिने कधी माफ केली नाही. बाई आत शिरताच तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे टाचणीने एक पत्र लावलं होतं, वाचनालयाच्या शिक्क्याचं. "तपासनिसाने मजकुरात हस्तक्षेप करू नये. सही करून कार्ड त्वरित परत करावे." खाली सही नारायणरावांची.

"वाचलंत? त्या दिवसापासून मी हस्तक्षेप करत नाही."

"म्हणजे?"

मितालीने पेटी उघडली. गठ्ठा बाहेर काढून टेबलावर पालथा ठेवला आणि बाईंच्या डोळ्यांदेखत मागच्या बाजूंवर सह्या करत सुटली. एक, दोन, दहा. एकही कार्ड तिने उलटून पाहिलं नाही.

"हे असं," ती म्हणाली. "त्याचं स्वातंत्र्य त्याला लखलाभ. मी चूक दाखवली की मी खाष्ट. नाही दाखवली की शिस्तीची. मग कशाला डोळे फोडून घ्यायचे?"

"आणि त्यात एखादं कार्ड कोरं असतं तर?"

मितालीचा हात थांबला. पेनाच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"तरी केली असती," ती शेवटी म्हणाली.

४

परतीच्या एसटीत बाईंनी कार्ड मांडीवर ठेवलं आणि एखादी चुकलेली वीण उसवावी तसा एकेक शब्द सुटा केला. पंचांग. छापील. जीर्ण. ७१ पाने.

पाने!

तीस वर्षांत त्यांनी हजारो नोंदी तपासल्या होत्या. छापील पुस्तकाची पृष्ठं मोजतात, दोन्ही बाजूंना आकडे असतात म्हणून. हस्तलिखिताची पानं मोजतात. ही गोष्ट शार्दूलला पहिल्या सहामाहीत शिकवली होती आणि मितालीने तर तेवढ्यावरून त्याची कार्डं लाल केली होती. दोघांपैकी कुणीही खोटी नोंद केली असती, मुद्दाम केली असती, तरी हात सवयीने "पृष्ठे" असंच लिहून गेला असता. हे ज्याने लिहिलं त्याच्यासमोर शार्दूलचं खरं कार्ड होतं. त्याने "हस्तलिखित" बदललं, लेखक काढला, "ठेव" काढलं. आकडा आणि त्यापुढचा शब्द तेवढा तसाच उचलला, कारण त्यात काही चूक आहे हे त्याला कळणंच शक्य नव्हतं. तारीखही तशीच उचलली. कार्ड मात्र मार्चमध्ये आलेल्या गठ्ठ्यातलं.

म्हणजे लिहिणारा कॅटलॉगर नव्हता.

दुपारी बाई भोरला पोचल्या त्या थेट शार्दूलच्या टेबलाशी.

"खण उघड."

"तुम्हाला अधिकार नाही."

"नाही. पण सोमवारी हिर्डोशीची पाऊणशे घरं पाण्याला मुकतील, आणि कागदोपत्री ते तुझ्या सहीने होईल. मजकूर तुझा नाही हे मला पटलंय. आता तू मला मदत करतोस की तुझी अब्रू सांभाळतोस?"

त्याने खिशात हात घातला. मग किल्ली काढली. खणात एक पाकीट होतं, पाकिटात चार कार्डं. कोरी करकरीत. प्रत्येकावर खाली त्याची सही.

"मार्चअखेर बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. आठ दिवस," त्याचा आवाज खरखरला. "नारायणराव म्हणाले, काम अडायला नको, पाच कार्डं सही करून ठेव. अडलंच तर मी फोनवर तुला विचारून भरून घेईन. मला वाटलं, मितालीला सांगून हसं कशाला करून घ्या. तिला कळलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं. परत आलो तर त्यांनी चार दिली."

बाईंनी कोपऱ्यातले आकडे वाचले. ८६१, ८६२, ८६४, ८६५.

पाकिटावर नारायणरावांच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ होती: "चार परत. एकावर चहा सांडला, फाडून टाकले."

५

चोर सापडला, पण वही? आणि कशासाठी? वाचनालयाच्या कार्यवाहाला हिर्डोशीच्या झऱ्याशी काय देणंघेणं?

धनाजी आणि चंद्राबाई भोरमध्येच एका पाहुण्यांकडे उतरले होते. बाईंनी सुनावणीची नोटीस मागितली. धनाजीने ती घडी करकरून पार मऊ केली होती.

"जमीन कुणाची, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"येजंट येतो. मालक पुण्याकडचा हाय म्हणतो. नाव बाईमाणसाचं हाय, कागदावर."

बाईंनी नाव वाचलं. सौदामिनी नारायण कारखानीस.

त्यांनी दोघांना त्याचा अर्थ सांगितला. धनाजी उठून उभा राहिला. "आत्ता जातो त्याच्या घरी. बघतोच."

"गेलात तर तो वही जाळून टाकेल," बाई म्हणाल्या. "अजून जाळलेली नाही."

"कशावरनं?"

"त्याने वरची जमीन घेतलीय. तिथे घर बांधायचं असेल, बाग करायची असेल. डोंगरावर ज्याला पाणी हवंय त्या माणसाला ती वही म्हणजे पाण्याचा नकाशा आहे. कुठे खणायचं, कोणता झरा मे महिन्यात चालतो, सगळं त्यात. तुमच्या हाती ती नको, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या स्वतःच्या हाती हवीच आहे."

त्या एकट्याच कारखानिसांच्या घरी गेल्या. नारायणराव बाहेर होते, आणि बाईंनी ते आधी बघूनच ठेवलं होतं. दार सौदामिनींनी उघडलं. साठीच्या, शांत, हातात निवडायला घेतलेली मेथी.

बाईंनी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. कार्ड, पाकीट, नोटीस. काही लपवलं नाही, काही मागितलं नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, "सोमवारी तुमच्या नावाने पुकारा होईल. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असावं."

"माझ्या नावावर जमीन आहे?" सौदामिनी म्हणाल्या.

त्यांचा चेहरा पाहून बाईंना कळेना, हे अज्ञान खरं की नवऱ्याइतकंच कसलेलं.

"मला काही माहीत नाही," सौदामिनी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

६

रविवारी सकाळी समितीची बैठक बोलावली. सात सभासद, दोन कॅटलॉगर, हनुमंत, आणि भिंतीशी चंद्राबाई व धनाजी. शार्दूल आणि मिताली टेबलाच्या दोन टोकांना पाठमोरे असल्यासारखे बसले होते.

नारायणरावांनीच सुरुवात केली. "विषय सरळ आहे. नोंद चुकीची, तपासणी बिनकामाची. दोघांना काढावं आणि हा दोन सह्यांचा खेळ बंद करावा. एक माणूस, एक सही. जबाबदारी कुणाची ते तरी कळेल."

"ते आजही कळतंय," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि कार्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. आधी पानं आणि पृष्ठं यांतला फरक सांगितला, मग छापखान्याचा नंबर आणि हनुमंतने आणलेली पावती दाखवली. "वीस जानेवारीला हे कार्ड जगातच नव्हतं." मग शार्दूलकडचं पाकीट पुढे ठेवलं, त्यातली चार कोरी कार्डं एकाशेजारी एक मांडली आणि आठशे त्रेसष्टचं त्यांच्या मधल्या जागेत सरकवलं. ओळ पुरी झाली.

"शार्दूलने सही केलेलं कोरं कार्ड वेल्ह्याच्या गठ्ठ्यात घालणं सोपं होतं. मितालीने ते वाचलं नाही, ती कुठलंच वाचत नव्हती. संध्याकाळी पेटी परत आली ती कार्यवाहांच्या ऑफिसात. खरं कार्ड काढलं, हे घातलं. बाद पुस्तकांच्या यादीवर क्रमांक चढला. वही पोत्यात गेलीच नाही."

"ह्या पाकिटावरून?" नारायणराव हसले. "चहा सांडला, कार्ड फाडलं, लिहूनही दिलं. त्यानंतर शार्दूलने पाचवं कुठून पैदा केलं ते त्याला विचारा. तो म्हणतो मी ते फाडलंच नाही. कुणाच्या साक्षीने?"

"चहा सांडलेलं कार्ड फाडलं असं तुम्हीच लिहिलंय," शार्दूल उसळला, "आणि त्या चारांच्या मधला नंबर नेमका हाच!"

"तुझा शब्द, माझा शब्द."

"आणि जमीन?" धनाजी ओरडला. "बायकूच्या नावावर घेतली ती?"

सभासदांत कुजबुज झाली. नारायणरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जमीन घेणं गुन्हा आहे? वही दाखवा. वही माझ्याकडे आहे म्हणता ना? दाखवा. नाहीतर बाई, मी तुमच्यावर बदनामीचा दावा लावीन. हा सगळा घोळ तुमच्या नियमाचा. तो केलात आणि तीन वर्षांत एकदा येऊन बघितलंत का, कोण वाचतं आणि कोण नाही?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच लागलं. लाल शाई थांबली तेव्हा आपल्याला हायसं वाटलं होतं, हे बाईंना आठवलं. खरं तर तेव्हाच धावत यायला हवं होतं.

"नाही बघितलं," त्या म्हणाल्या. "तो दोष माझा. लिहून घ्या इतिवृत्तात."

तेवढ्यात दारात गर्दी करून ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांनी वाट दिली. सौदामिनी आत आल्या. कापडी पिशवीतून त्यांनी निळ्या बांधणीची वही काढली आणि नवऱ्याकडे न बघता थेट चंद्राबाईंच्या हातात दिली.

"देवघराच्या खालच्या कप्प्यात होती," त्या म्हणाल्या. "माझ्या सोवळ्याच्या वस्त्राखाली. तिथे कुणी हात घालणार नाही म्हणून."

"सौदामिनी!"

"अकरा महिन्यांपूर्वी तुम्ही मला बँकेचे कागद म्हणून चार ठिकाणी सही करायला लावलीत. मीही वाचलं नव्हतं." त्या सुलक्षणाबाईंकडे वळल्या. "उद्या पुकारा होईल तेव्हा मी हजर असेन. कुंपण काढते म्हणून सांगेन."

नारायणराव उठले, खुर्ची मागे पडली. ती कुणी उचलली नाही. हनुमंत दारात उभा होता, त्याने बाजूला सरायला मुद्दामच वेळ लावला.

७

पण सुनावणी एवढ्यात मिटली नाही. सौदामिनी आल्या, बोलल्या. मात्र जमिनीत आणखी एक भागीदार निघाला आणि त्याच्या वकिलाने हरकत घेतली. वही जुनी, अक्षर अर्धं मोडी अर्धं बाळबोध, ठिकठिकाणी कसर लागलेली. हा झरा उन्हाळ्यात आटतो, तेव्हा गाव त्यावर भरत होतं हेच खोटं, असं त्याचं म्हणणं. तहसीलदारांनी आठ दिवस दिले. वहीचं वाचन करून आणा. जाणकार दोन माणसांनी वेगवेगळं वाचलेलं, आणि मग एकमेकांशी ताडलेलं.

बाईंनी चंद्राबाईंकडे वही मागितली. चंद्राबाईंनी ती पदराखाली धरली.

"न्हाई द्यायची. येकदा दिली व्हती. तुमच्या कपाटापरीस आमची फडताळं बरी."

"मग आम्हीच हिर्डोशीला येतो."

"या. पर ती दोगंबी येऊ द्या. आन माज्यासमोर वाचायचं."

बुधवारी सकाळी शार्दूल आणि मिताली एकाच एसटीतून, वेगवेगळ्या सीटवर बसून हिर्डोशीला उतरले. बाईंनी शार्दूलला ओसरीवर बसवलं, मितालीला माजघरात. सकाळी वही एकाकडे, दुपारी दुसरीकडे. मध्ये बोलायचं नाही, एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. संध्याकाळी दोन्ही वाचनं बाईंनी ओळीला ओळ लावून बघितली. दोनशे सहा ओळी. नऊ ठिकाणी फरक. आठ ठिकाणी भांडून भांडून निकाल लागला. पाचांत मिताली चुकली होती, तिघांत शार्दूल, आणि दोघांनीही ते दात ओठ खात कबूल केलं.

नववी ओळ तळीच्या झऱ्याची होती. सुरुवातीची दोन अक्षरं कसरीने जवळजवळ खाल्ली होती, धड असं फक्त "माही" उरलं होतं.

"आठमाही," शार्दूल म्हणाला. "हा 'ठ'चा गोल स्पष्ट आहे."

"बारमाही. तो 'ब' आहे. भिंग घे."

"भिंग घेऊनच सांगतोय. तुला गावाची बाजू घ्यायचीय म्हणून 'ब' दिसतोय."

"आणि तुला माझ्या विरुद्ध बोलायचंय म्हणून 'ठ'!"

चंद्राबाई चुलीशी नाचणीची भाकरी थापत होत्या. त्यांनी हात धुतले, हंडा घेतला. "भांडताय कशापायी? मे म्हैना हाय. चला वर."

तास लागला. शार्दूलच्या बुटांना गवताची कुसळं चिकटली, मितालीला दोनदा बसावं लागलं. कुंपणाची तार एका बाजूला सौदामिनींच्या माणसांनी सोडवून ठेवली होती. कातळाच्या पोटातून करंगळीएवढी धार येत होती आणि खालच्या डोणीत पाणी काठोकाठ होतं. चंद्राबाईंनी हंडा धारेखाली लावला.

"बघ," मिताली म्हणाली. "बारमाही."

शार्दूलने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "पाणी आहे म्हणून अक्षर बदलत नाही. मला जे दिसलं ते मी लिहिणार. आज तुझ्या सोयीसाठी बदललं, तर उद्या त्या वकिलाच्या सोयीसाठीही बदलावं लागेल."

मिताली काहीतरी तिखट बोलायच्या बेतात होती. पण थांबली. पिशवीतून कागद काढून कातळावर ठेवला आणि लिहायला लागली. तिने लिहून झाल्यावर कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने वाचला, एक शब्द खोडला, वर दुसरा घातला. तिने तो वाचला, नाक मुरडलं, आणि तसाच राहू दिला.

"आता कर सही," ती म्हणाली.

"थांबा." चंद्राबाईंनी भरलेला हंडा कडेला ठेवला आणि पदराने हात पुसत जवळ आल्या. "मला वाचाया येत न्हाई. काय लिवलंय ते आदी मोठ्यानं वाचा. मंग सही."

शार्दूलने कागद उचलला, घसा साफ केला.

"तळीचा झरा. मूळ अक्षरे कसरीने खाल्लेली. एका वाचनानुसार आठमाही, दुसऱ्या वाचनानुसार बारमाही. एकमत नाही. दोघांनी वीस मे रोजी प्रत्यक्ष जाऊन पाहिले. झरा वाहत होता."

चंद्राबाईंनी मान हलवली. "आता करा."

दोघांनी एकाच पेनाने, एकाच बाजूला, एकाखाली एक सही केली.